शब्दचर्चा: ‘सुटलीस’, ‘वाळलीस’ आणि ‘तब्येत सुधारली’

प्रश्न

अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया आणि बिंज इटिंग यांवर पालकांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. पहिल्यात वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडलं जातं, दुसऱ्यात भराभर खाऊन मग उलटी वगैरे करून ते काढून टाकलं जातं, तिसऱ्यात ताबा सुटून खूप खाल्लं जातं. तिन्हींना मिळून ‘आहारविकार’ म्हणावं का? ते ऐकून लोकांना आहारातली चूक वाटते. डाएटचा तक्ता बदलला की झालं, अशी समजूत होते. दुसरं म्हणजे, वजनाबद्दल लिहिताना ‘लठ्ठ’, ‘जाड’, ‘स्थूल’ यांतला कोणता शब्द कमी बोचतो?

प्रतिसाद

‘स्थूल’ संस्कृत म्हणून सभ्य वाटतो. पण चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायाचं नावच ‘अष्टौनिन्दितीय’ आहे. निंदित मानलेल्या आठ शरीरांत फार उंच, फार बुटकं, फार काळं, फार गोरं यांच्या रांगेत अतिस्थूल आणि अतिकृशही बसवलेत. म्हणजे ही नजर जुनीच.

मला ‘जाड’ सगळ्यांत साधा वाटतो. कागद जाड असतो, भाकरी जाड असते, त्यात दोष कोणी काढत नाही. ‘जाड्या’, ‘ढोली’ अशी हाक झाली की मात्र माणसाचं नाव पुसलं जातं. अमेरिकेत जाड माणसांच्या हक्कांसाठी १९६९ साली संघटना निघाली, तिने ‘फॅट’ हा शब्द थेट नावातच घेतला होता. वैद्यकीय मजकुरात ‘लठ्ठ रुग्ण’ऐवजी ‘लठ्ठपणा असलेली व्यक्ती’ लिहा. ‘मधुमेह असलेली व्यक्ती’ म्हणतोच की आपण.

प्रतिसाद

विशेषणांपेक्षा आपली क्रियापदं जास्त लागतात. ‘किती सुटलीयस!’ यात धरबंध सुटल्याचा आरोप आहे. ‘वाळलीस’ म्हटलं की लगेच पुढे ‘घरी खायला घालत नाहीत का?’ लग्नानंतर वजन वाढलं तर ‘लग्न मानवलं हो!’ सगळं कौतुकाच्या सुरात, सगळ्यांसमोर, आणि उत्तर द्यायची सोय नाही.

मी स्वतः अ‍ॅनोरेक्सियातून बाहेर आले आहे, म्हणून एका शब्दप्रयोगाबद्दल आग्रहाने सांगते: ‘तब्येत सुधारली’. मराठीत याचा अर्थ बरं वाटतंय असाही होतो आणि वजन वाढलंय असाही होतो. उपचारांनंतर मी पोळी-भाजी नीट खायला लागले तेव्हा भेटणारा प्रत्येक जण आनंदाने हेच म्हणायचा. मला त्यातला दुसराच अर्थ ऐकू यायचा आणि रात्रीचं जेवण घशाखाली उतरायचं नाही. त्यांची माया खरी होती, पण आजार मायेच्या शब्दांतूनही वजनच ऐकतो. त्याआधी खंगत होते तेव्हा ‘काय छान बारीक झालीस, काय करतेस?’ असं विचारणारेही हेच लोक होते.

आणखी एक वाक्य पालकांनी ओळखायला हवं: ‘आज माझा उपवास आहे.’ आपल्याकडे याला पुढचा प्रश्न येत नाही. संकष्टी झाली, गुरुवार झाला, मग सोमवारही आला. घरात माझं कौतुकच होत होतं. उपवास करणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते, हे उघड आहे. पण उपवास सुटायच्या वेळीही ती ताटावर यायचं टाळत असेल, चतकोर पोळीवर उठत असेल, तर तिच्याशी बोला.

प्रतिसाद

मूळ नावंही दिशाभूल करतात. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे ग्रीकमध्ये भूक नसणं. विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ केलं. प्रत्यक्षात या माणसांना पुष्कळदा भूक लागते आणि ती दाबण्यातच सगळी शक्ती जाते. म्हणून ‘अन्नावरची वासना उडाली’ हे भाषांतर नको.

बुलिमियाचा मूळ अर्थ बैलाएवढी भूक. कोशातून कोणी ‘भस्म्या’ सुचवेल, पण तोही चालणार नाही. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमिया नर्व्होसाचं वर्णन केलं, त्यात भराभर खाण्याइतकीच नंतरची उलटी, जुलाबाची औषधं आणि जाड होण्याची भीती महत्त्वाची आहे. ‘भस्म्या’त हे काहीच नाही, उलट खादाडपणाचा शिक्का आहे. बुलिमिया असलेल्या अनेकांचं वजन चारचौघांसारखंच असतं. पण वारंवारच्या उलट्यांनी दात झिजतात, रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. ‘अंगाने तर बरा दिसतोय’ म्हणून मुलाला परत पाठवू नका, हे पत्रकात ठळक छापा. आणि ‘मुलाला’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. मुलग्यांनाही हे आजार होतात, पण त्यांना ‘काडी पैलवान’ म्हणून हसण्यावारी नेलं जातं.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मथळा ‘खाण्याशी निगडित मानसिक आजार’ असा करते. लांब आहे, पण पालक डाएटिशियनबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडेही जातील. तिन्ही आजारांची नावं आहेत तशीच देवनागरीत ठेवते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक पहिल्याच पानावर घेते. ‘काय बोलू नये’ या चौकटीत ‘तब्येत सुधारली’ घालते. त्याच्या जागी काय बोलावं, ते ताई, तुम्हीच सांगा.

प्रतिसाद

मला ‘आलीस, बरं वाटलं. बस, चहा टाकते’ एवढंच बोललेलं चालायचं.