ब्रिटिश चित्रकार बेन निकल्सनचं युद्धकाळातलं चित्र एवढं लहान का?

चित्रवेडी: लंडनच्या एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये निकल्सनचं १९४० च्या आसपासचं अमूर्त चित्र बघितलं, नुसते चौकोन, करडा-निळा आणि मधेच एक लाल तुकडा, पण आकार वहीच्या पानाएवढा आणि पुढे सहीच नाही! असं का?

कोकणस्थ_पुणे: अहो, ऑगस्ट १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर तो, त्याची शिल्पकार बायको बार्बरा हेपवर्थ आणि त्यांची तिळी मुलं लंडन सोडून कॉर्नवॉलला सेंट आइव्हजजवळ गेली, तिथे ना धड जागा ना सामान. हेपवर्थ दिवसभर मुलं नि भाजीचा मळा सांभाळून रात्री कागदावर ड्रॉइंग करायची, दगड कोरायला सोयच नव्हती. तशा दिवसांत इतकी स्वच्छ, शांत चित्रं काढली, मला तर हे फार मोठं वाटतं.

रंगरेषा: सही बहुतेक वेळा मागे असते त्याची, तारखेसकट. म्हणून मागच्या बाजूचा फोटो आणि कंडिशन रिपोर्ट (चित्राच्या अवस्थेचा अहवाल) मागवाच, आणि आधी कोणाकोणाकडे होतं तेही बघा. बोलीच्या रकमेवर बायर्स प्रीमियम (लिलावघराचं जादा शुल्क) लागतो, शिवाय निकल्सन १९८२ ला वारला म्हणून रीसेल रॉयल्टी (चित्र पुन्हा विकलं की मृत्यूनंतरही काही दशकं चित्रकाराच्या वारसांना मिळणारा हिस्सा) पण लागू शकते.

चित्रवेडी: मागची बाजू डोक्यातच नव्हती, आजच मेल करते. थँक्यू दोघांना!