मदत हवी आहे: नागपुरात सहा जणांना निवांत बसून सावजी खाता येईल अशी जागा

येत्या शनिवारी एका रात्रीपुरता नागपुरात येतोय. कॉलेजचे सहा जण बऱ्याच वर्षांनी एकत्र जेवणार आहोत. चौघांना सावजी मटणच पाहिजे, त्यावर तडजोड नाही. दोघं शाकाहारी, पण पाटोडी रस्सा म्हटलं की तेही खूश. त्यातल्या एकाला तिखट सोसत नाही, त्याच्यासाठी साधं वरण-भात असला तरी भागेल.

मागच्या खेपेला एका सावजी भोजनालयात गेलो होतो. चव एक नंबर, रश्श्यावर बोटभर तर्री. पण भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात असतानाच पोऱ्याने टेबल पुसायला घेतलं आणि मागे चार जण खुर्चीला हात लावून उभे. गप्पा शेवटी पार्किंगमध्ये उभ्याने मारल्या. महाल नि सदर भागांत दोन ठिकाणी फोन करून पाहिले; एकाने रविवारी यायला सांगितलं, दुसऱ्याने किमान पंचवीस ताटं मागितली. हॉटेलात खोली घेऊन पार्सल मागवायचा विचार झाला, पण गार रस्सा कोण खाईल?

एक जण हिंगण्याहून, एक मनीषनगरहून येणार, म्हणून सीताबर्डी, धरमपेठ किंवा मेट्रोजवळ असलं तर बरं. माणशी पाचशे-सहाशे चालतील. दारू नको. रविवारी सकाळी माझी गाडी आहे, त्यामुळे दिवस बदलता येत नाही. (सकाळच्या तर्री पोह्यांची जागा ठरलेली आहे, ती कृपया सुचवू नका.)

तर शनिवारी रात्री आठ ते साडेदहा कोणी उठवणार नाही, आणि सावजी मटण व पाटोडी दोन्ही एकाच टेबलावर मिळेल, असं ठिकाण कुठलं? नाहीतर घरी येऊन सहाच जणांचा सावजी स्वयंपाक करून देणारं कोणी माहीत आहे का?