गोदामात ६ टन सूत, तरी माग उभा: टॉवेलच्या सुताचं नियोजन कसं बसवायचं?

अक्कलकोट_रोड_माग

टेरी टॉवेलचे १२ माग, दोन पाळ्या. मुख्य माल ७५ × १५० सेंमी, ४०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), रंगीत सुताचा. दिवसाला सरासरी ४८० नग पडतात. पाईल (वर उठणारे फासे) आणि ग्राउंड (खालचा ताणा) दोन्ही २/२० (२० काउंटचे दोन पदर पिळलेलं), बाणा (आडवं सूत) १६ चा. गोदामात सगळं मिळून ६ टन सूत आहे, म्हणजे हिशेबाने महिनाभराचं. तरी दर आठवड्याला एखादा माग बीमसाठी (ताणा गुंडाळलेल्या रुळासाठी) उभा राहतो, कारण नेमका हवा तोच रंग नसतो. व्यापारी म्हणतो भाव वाढणार, भरून ठेवा. अकाउंटवाला म्हणतो पैसे अडकलेत. ईओक्यू, रीऑर्डर लेव्हल, एमआरपी ही नावं ऐकून आहे. आपल्या धंद्यात यातलं काय, कुठे लावायचं? आकड्यांसकट सांगा.

ताणा_बाणा

आधी एका टॉवेलला किती सूत लागतं ते काढा. तो आकडा चुकला तर पुढचं कुठलंच सूत्र उपयोगाचं नाही.

१ किलो सुताची लांबी मीटरमध्ये = काउंट (सुताच्या बारीकपणाचा आकडा) × १६९३. २/२० म्हणजे हिशेबाला १० चं, म्हणून १६,९३० मीटर. १६ चं २७,०९० मीटर. तुमच्या मालाला सेंटिमीटरला १२ तार ग्राउंड, १२ तार पाईल आणि १८ पिका (बाण्याच्या तारा) धरतो, तुमच्या फणीप्रमाणे बदला. एका चौरस मीटरला ग्राउंडच्या १२०० तारा, ८% आकसण, म्हणजे १२९६ मीटर, ७६ ग्रॅम. पाईल रेशो (एक मीटर कापडाला किती मीटर पाईल) ३.६ असेल तर ४३२० मीटर, २५५ ग्रॅम. बाणा ५% आकसणीसकट १८९० मीटर, ७० ग्रॅम. झाले ४०१. टॉवेल १.१२५ चौ. मीटरचा, तेव्हा नगाला पाईल २८७, ग्राउंड ८६, बाणा ७९ ग्रॅम. बॉर्डरला पाईल उठत नाही आणि दुमडीत कापड जास्त जातं, म्हणून शेवटी दहा नग काट्यावर ठेवून आकडा जुळवून घ्या.

टाकाऊ ५% धरला तर रोजचं २/२० साधारण १८८ किलो आणि बाणा ४० किलो.

आता पाईल रेशोकडे बघा. जॉबरने (माग लावणाऱ्या मिस्त्रीने) ३.६ चा ३.८ केला तर हाताला टॉवेल छान लागतो, कुणी तक्रार करत नाही, पण नगामागे १६ ग्रॅम सूत जास्त जातं. रोजचं साडेसात किलो, म्हणजे महिन्याला ५० किलोच्या चार गोण्या. बीमचंही गणित बिघडतं. ५०० मीटरच्या ग्राउंड बीमवर ४६३ मीटर कापड निघतं आणि त्याला ३.६ ने १६६७ मीटर पाईल लागतो. रेशो ३.८ झाला की तोच पाईल बीम ४३९ मीटरवर संपतो आणि ग्राउंड बीमवर पंधराएक टॉवेलांचा ताणा उरतो. माग "बीम नाही" म्हणून उभा असेल तर गोदामात जायच्या आधी हे तपासा.

कच्चा_माल_पक्का_हिशेब

वरचा हिशेब बरोबर आहे. पुढे मुख्य गोष्ट ही की कच्चं (पांढरं) सूत आणि रंगवलेलं सूत यांना एकच नियम लावू नका.

कच्चं २/२० सगळ्या रंगांना, सगळ्या ऑर्डरींना लागतं. त्याची खपत रोज होते, म्हणून रीऑर्डर लेव्हल (साठा जिथवर उतरला की नवी ऑर्डर द्यायची ती पातळी) इथे लावा. मरून किंवा बॉटल ग्रीन सुताची गरज फक्त ऑर्डरवरून ठरते. त्याचा सरासरी खप काढण्यात अर्थ नाही. ते एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, छापील किमतीचं एमआरपी नव्हे) पद्धतीनेच: ऑर्डरचे नग × नगाचं सूत, वजा हातातलं, वजा रंगाईत असलेलं, आणि डिलिव्हरीच्या तारखेपासून उलटं मोजत रंगाईला पाठवायची तारीख. तुमचे ६ टन बहुतेक रंगीत उरलेल्या सुताचे आहेत, म्हणून ढीग असूनही हवा तो रंग मिळत नाही.

कच्च्या सुताची पातळी अशी. सूत सांगितल्यापासून गोदामात यायला सरासरी ८ दिवस धरू. त्यात २ दिवसांचा मागेपुढे, आणि खपात रोजचा २० किलोचा. सेफ्टी स्टॉकच्या (अडचणीसाठी राखीव साठ्याच्या) सूत्रात दोन आकडे वर्गमुळाखाली येतात: ८ × २०² = ३,२०० आणि १८८² × २² = १,४१,३७६. दोन्हींची बेरीज, तिचं वर्गमूळ ३८०, गुणिले १.६५ (म्हणजे शंभरातल्या ९५ फेऱ्यांत सूत कमी पडणार नाही) = ६२७ किलो. रीऑर्डर लेव्हल १८८ × ८ + ६२७ = साधारण २,१३० किलो.

ते दोन आकडे परत बघा. खपातल्या चढउतारामुळे जवळपास काहीच होत नाही, सगळा सेफ्टी स्टॉक पुरवठादाराच्या उशिरामुळे आहे. तो मागेपुढे २ दिवसांवरून १ दिवसावर आला तर ६२७ चे ३२४ होतात. म्हणून पुरवठादार बदलताना किलोमागे रुपया-दोन रुपये बघण्यापेक्षा तो सांगितलेला दिवस पाळतो का ते बघा. गड्ड्याच्या यात्रेचे (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) दिवस आणि दिवाळी यांचा लीड टाइम (माल यायला लागणारे दिवस) वेगळा काढा, वर्षाच्या सरासरीत मिसळू नका.

ही पातळी गोदामातल्या मालाशी ताडू नका. गोदामातला + मागवलेला − ऑर्डरींना नेमून दिलेला, या बेरजेशी ताडा. नाहीतर गाडी वाटेवर असताना दुसरी ऑर्डर जाते.

ईओक्यू (एका वेळी किती मागवलं तर खर्च सर्वांत कमी) बद्दल थोडक्यात. फोर्ड हॅरिसने १९१३ साली मांडलेलं सूत्र आहे, पण लोक त्याला फार पवित्र मानतात. वर्षाला ५६,४०० किलो, एका खरेदीचा खर्च (टेम्पो, हमाली, तपासणी) २,५०० रुपये, भाव ३०० आणि साठवणीचा खर्च वर्षाला १८% धरला तर २,२८५ किलो येतात. त्याऐवजी ३,००० घेतले तर वर्षाचा एकूण खर्च ४ टक्केही वाढत नाही. तेव्हा गाडी भरते तेवढं घ्या आणि तो विषय सोडा.

रंगाई_मास्तर

सूत रंगीत होऊन पडून का राहतं ते सांगतो. रंगाईचं भांडं ठरावीक किलोंचं असतं. तुमची ऑर्डर २५० नगांची, पाईल टाकाऊसकट ७५ किलो, आणि रंगाईवाल्याचा किमान लॉट (एका वेळी रंगवलेला माल) १०० किलो. २५ किलो उरलं. अशा चाळीस ऑर्डरी झाल्या की एक टन मेलेलं सूत.

उलट १,००० नगांना ३०१ किलो लागतं आणि भांडं २०० चं असलं तर दोन लॉट होतात. मग रंगाच्या छटेत फरक येणारच. उपाय असा की वार्पिंगला (बीमवर ताणा भरताना) लॉट मिसळायचे नाहीत. एक लॉट, पूर्ण बीम, आणि बीमचा नंबर कार्टनपर्यंत. दोन लॉटचे कोन (सुताच्या गुंडाळ्या) एकाच बीमला लागले तर टॉवेलवर उभा पट्टा दिसतो आणि धुतल्यावर जास्त दिसतो. रंग एकच असला तरी दोन गिरण्यांचं सूत मिसळलं तर हेच होतं, कारण कापूस वेगळा असला की रंग वेगळा चढतो. म्हणून फिफो (आधी आलेलं आधी वापरणं) तारखेप्रमाणे करताना लॉट फोडू नका.

फिक्या रंगांना सगळ्यांना एकच पांढरा ग्राउंड चालवा, तेवढंच रंगीत सूत कमी. गडद मालाला हे जमत नाही, ४०० जीएसएमला पांढरा ग्राउंड खालून डोकावतो.

उन्हाळ्यात पाणी टँकरचं झालं की रंगाईची मुदत लांबते. मार्चनंतरच्या ऑर्डरींना रंगाईचे दिवस वाढवूनच तारीख द्या.

स्टोअर_खिडकी

दोन गोष्टी सुटल्यात. पहिली, वजन. कापसाच्या सुताचं वजन कोरड्या वजनाच्या ८.५% ओलाव्यावर धरलेलं असतं. एप्रिलच्या सोलापुरी हवेत उघड्या गोणीचा ओलावा ६ टक्क्यांवर आला तर ५० किलोची गोणी ४८.८५ भरते. लोक लगेच चोरीचा संशय घेतात. आधी ओलाव्याचा फरक वजा करा, मग उरलेल्या तुटीचा माणसाला जाब विचारा.

दुसरी, लेबल, शिलाईचा दोरा, पॉली बॅग. एबीसी वर्गवारीत (किमतीप्रमाणे मालाचे तीन गट) ही सी मध्ये येतात, किंमत नगण्य, म्हणून कुणी बघत नाही आणि वॉश-केअर लेबलसाठी सगळी गाडी अडते. इथे सूत्र नको. दोन डबे ठेवा. दुसऱ्या डब्याचं सील फोडलं की त्याच दिवशी ऑर्डर, आणि सीलवर ऑर्डरची चिठ्ठी चिकटवलेली असू द्या.

अक्कलकोट_रोड_माग

आभारी आहे. दोन शंका. भाव वाढणार असेल तर भरून ठेवायचं की नाही? आणि पडून असलेल्या रंगीत सुताचं काय करू?

कच्चा_माल_पक्का_हिशेब

३०० च्या भावाला १८% ने महिन्याला किलोमागे साडेचार रुपये साठवणीला जातात. दोन महिन्यांत ९ रुपयांपेक्षा जास्त वाढेल अशी खात्री असेल तरच भरा, आणि भरायचं तर फक्त कच्चं. रंगवून ठेवू नका. तो साठा वहीत वेगळ्या खात्यावर दाखवा, रीऑर्डरच्या बेरजेत धरू नका.

रंगाई_मास्तर

उरलेलं सूत रंगाप्रमाणे आणि लॉटप्रमाणे मोजून घ्या. २५ किलोच्या आतलं बॉर्डरच्या पट्ट्यांना आणि हँड टॉवेलच्या छोट्या ऑर्डरींना काढा. फिके रंग एकत्र करून काळा किंवा नेव्ही चढवता येतो, पण आधी जुना रंग कुठला ते रंगाईवाल्याला सांगा आणि एका कोनावर चाचणी घ्या, कारण काही रंगांवर दुसरा रंग नीट बसत नाही. हे सूत पाईलला दिलं तर ती ऑर्डर त्याच एका लॉटमध्ये बसेल एवढीच घ्या, एक नगही जास्त नको.