एकच खोली वाढवायची, तर परवानगी कशाला?

अंगण: आईला आता जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर मागच्या बाजूला तिच्यासाठी एक खोली काढायची आहे. जागा आमची, पैसा आमचा. तरी परवानगीसाठी दिलेला नकाशा तीनदा परत आला. आधी सामासिक अंतराची, म्हणजे घर आणि हद्द यांच्यात मोकळ्या सोडायच्या जागेची त्रुटी निघाली. ती दुरुस्त केली, तर पावसाच्या पाण्याचा निचरा दाखवला नाही म्हणाले. तिसऱ्यांदा जुन्या घराचा मंजूर नकाशा मागितला. हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? माझ्या मते तळमजल्यावरच्या एका खोलीला परवानगीची अटच नसावी. मालकाने कळवावं आणि कामाला लागावं.

ओळंबा: अजिबात पटलं नाही. मी बांधकामावरच असतो. जुन्या घराला खोली जोडताना नवा पाया बहुतेक वेळा जुन्याला खेटून खणतात. जुना पाया उथळ असला आणि चर त्याच्याखाली गेला, की त्याच्या तळाची माती सुटते. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय, चरात माती भुरुभुरु गळत होती आणि वरच्या भिंतीत दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग चालली होती. काम थांबवून आधी टेकू दिले. शिवाय जुनं घर जमिनीत बसायचं तेवढं बसलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. दोन्ही एकजीव केलीत तर सांध्यात भेग येणारच.

कवडसा: आणि शेजाऱ्याचं काय? आमच्या शेजारी कुंपणाला टेकवून खोली बांधली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आता दोन हातांवर भिंत आहे, भर दुपारी दिवा लावावा लागतो. "जागा आमची" हे खरं, पण उजेड दोघांचा असतो. सामासिक अंतर त्यासाठीच ठेवतात.

अंगण: कवडसा, तुमचं म्हणणं मान्य. अंतराचा नियम मी पाळणारच आहे. पण ओळंबा, तुम्ही सांगता तो धोका चरात उतरल्यावर कळतो. माझा नकाशा तीनदा परत करणाऱ्यांपैकी जागेवर एकदाही कुणी आलं नाही. मग त्या शिक्क्याने भिंत कशी वाचणार?

जोतं: मी अंगण यांच्या बाजूने, पण अर्धाच. लहान कामाला कागद कमी करा आणि पाहणी वाढवा. पायात काँक्रीट ओतण्यापूर्वी एकदा, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर एकदा. एकदा ओतलं, की आत काय आहे ते दिसत नाही. "एकच खोली" म्हणून हलक्यात मात्र घेऊ नका. २३ सेंटीमीटर जाडीची विटांची भिंत ३ मीटर उंच बांधली, तर दर मीटर लांबीला सव्वा टनाहून जास्त वजन होतं. खोली गच्चीवर असेल, तर हे सगळं जुन्या पायावर येतं. तिथे मी परवानगीशिवाय वीटही ठेवू देणार नाही.

ओळंबा: पाहणीचं एकदम मान्य. परवानगी मात्र तळमजल्यालाही हवीच, यावर मी ठाम आहे. उद्या घर विकायला काढलंत, तर घेणारा मंजूर नकाशाच मागेल.

अंगण: माझं मत बदललेलं नाही. पण जुना पाया किती खोल आहे, हे मला खरंच माहीत नाही. ते कसं बघायचं?

ओळंबा: भिंतीच्या मध्यावर एक लहान खड्डा घ्या, कोपऱ्यात नको. जुन्या पायाचा तळ लागला की थांबा, त्याखाली खणू नका. माप घेऊन लगेच बुजवा आणि माती नीट ठोकून घ्या. ते माप आणि खालच्या मातीचा फोटो इथे टाका, मग चर जुन्या पायापासून किती लांब धरायचा ते बघू.