मदत हवी आहे: पाठीवर सॅक घेऊन नाथसागराचा काठ, पक्षी बघायला

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईहून लिहितेय. जानेवारीच्या शेवटी मी, माझा मावसभाऊ आणि त्याची नववीतली मुलगी असे तिघं पैठणच्या जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे नाथसागरावर, जायचं म्हणतोय. गाडी नाही. एसटीने जाऊ आणि पुढे जमेल तेवढं पायी. पोरगी पक्ष्यांची वही ठेवते, तिला रोहित (फ्लेमिंगो) आणि करकोचे बघायचेच आहेत. धरणाजवळ तासभर थांबायचं, लांबवरचे ठिपके बघायचे आणि परत फिरायचं, हे आम्हाला नकोय. उजाडताना पाण्याच्या कडेला असावं, दुपार सावलीत काढावी, उन्हं उतरली की पुन्हा काठावर जावं, एवढीच इच्छा आहे.

1986 साली अभयारण्य जाहीर झालं हे वाचलंय. पण नकाशा उघडला की काही उमगत नाही. पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, एक काठ पैठण-गंगापूरकडे, दुसरा शेवगाव-नेवाशाकडे. कुठल्या काठाने चालावं? तंबू लावू देतात का? दुर्बीण एकच आहे, 8 बाय 40 ची, ती पुरेल का? आणि मुलगी सोबत असल्यामुळे चिखलाची धास्ती वाटते. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

गोदाकाठ:
ताई, मी पैठणचा. निघण्याआधी पेपरात धरणाचा जिवंत साठा (वापरता येणारं पाणी) किती टक्के आहे ते बघा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. नाथसागर खोल कमी आणि पसरट जास्त. धरण काठोकाठ असलं की पाणी शेतांच्या बांधाला लागतं, उथळ जागा उरत नाही, आणि पक्षी पांगतात. रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून पाण्यातलं बारीक खाद्य गाळून खातो. त्याला गुडघाभर पाणी लागतं, भरल्या धरणात तो काठाशी कशाला येईल? कालव्याला पाणी सुटलं, पातळी उतरली की गाळ उघडा पडतो. मग बघा गंमत. यंदा पाणी जास्त असेल तर बेत फेब्रुवारीत ढकला.

उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक हरभरा, गहू करतात, आपल्याकडे त्याला गाळपेर म्हणतात. पट्टकादंब हंस तिथे कोवळा पाला खायला उतरतात. हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी, डोक्यावर दोन काळ्या आडव्या पट्ट्या, ओळखायला अगदी सोपा. करकोचेही सकाळी शेतातच सापडतील. ते आधी ऐकू येतात, मग वर बघायचं. पिकातून मात्र चालू नका, बांधावरून जा आणि शेतात माणूस दिसला तर आधी रामराम घाला. कुठे काय बसलंय ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

चिखलाची धास्ती रास्त आहे. गाळ वरून वाळतो, भेगा पडतात, दिसायला टणक, पण पाण्याजवळ त्या पापुद्र्याखाली लोण्यासारखी काळी माती असते. पाय पोटरीपर्यंत जातो आणि बूट आतच राहतो. जनावरांच्या खुरांचे ठसे जिथपर्यंत उथळ आहेत तिथपर्यंतच जायचं. ठसे खोल दिसायला लागले की थांबा. हातात काठी असू द्या. मासेमारांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर मुलीला बसवू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

तलवारबदक:
वरचं सगळं पटलं. तंबूचं सांगतो: अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायलाही बंदी आहे. चुलीवरचा चहा विसरा. वन्यजीव विभागाच्या पैठणच्या कार्यालयात आधी जाऊन भेटा, रीतसर विचारा. मुक्काम पैठणला करा, नाहीतर काठच्या गावात कोणाच्या तरी ओसरीवर.

आता कुठल्या काठाने चालावं, त्याबद्दल माझं मत. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. पैठणच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने पाण्याकडे बघाल तर ऊन डोळ्यात, पक्षी नुसते काळे दिसतात. शेवगावच्या बाजूने ऊन पाठीवर येतं, मग चक्रवाक बदकाचा तांबूस रंग आणि थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच लख्ख दिसते. म्हणून मोठी सकाळ दक्षिण काठाला द्या. परतीच्या वाटेवर कायगाव टोक्याला उतरा, प्रवरासंगम तिथेच आहे आणि महामार्गावर असल्याने एसटीची अडचण नाही.

8 बाय 40 मुलीच्या हाताला उत्तम. थव्यामागे पळायचं नाही, बसून राहायचं. एक थवा उडवला की त्याच्यासोबत सगळं पाणी रिकामं होतं, आणि हजारो मैल उडून आलेल्या पाखराची ताकद वाया जाते. कपडे मातकट रंगाचे. ड्रोनवाला कोणी दिसला तर वनरक्षकाला जरूर कळवा.

पाचोडकर:
अंबाजोगाईहून येताना बीड, गेवराई, शहागड करत पाचोडला उतरा, तिथून पैठण गाठता येतं. बेत लांबून फाल्गुनात गेला तर नाथषष्ठीचे दिवस टाळा, पैठणात दिंड्यांची एवढी दाटी असते की खोली मिळणार नाही.

(मूळ प्रश्नकर्ती):
गोदाकाठ दादा, तलवारबदक, पाचोडकर, तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. खुरांच्या ठशांचं भावाला वाचून दाखवलं, त्याने लगेच काठ्या काढून ठेवल्या. तंबू घरीच ठेवतो. पहिला मुक्काम पैठणला, कार्यालयात जाऊन परवानगी, मग शेवगावच्या काठाला सकाळ, आणि परतताना टोका, असं ठरवलंय. साठ्याची टक्केवारी आता रोज बघतेय.

एकच राहिलं. पैठणहून शेवगावकडे पहाटेची पहिली एसटी किती वाजता असते? उजाडायच्या आत काठावर पोहोचणं जमत नसेल, तर आदल्या संध्याकाळीच पलीकडच्या एखाद्या गावात जाऊन राहू. तिकडचं कोणी असेल तर मुक्कामाला बरं गाव सुचवा, सोबत मुलगी आहे.