मदत हवी आहे: गेममध्ये पोरं आपली बंदूक सजवतात, तसा गिऱ्हाइकाला मसाला निवडू द्यायचा आहे

नमस्कार मंडळी,

समुद्रपूर तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका महिला बचत गटाचं मोबाइलवरचं काम मी पाहते. आम्ही वायगावची हळद, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि रश्शाचा काळा मसाला विकतो. गावातलं गिऱ्हाईक कांडपावर येऊनच घेऊन जातं, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या लोकांची. एकदा मागवतात, मस्त झाला म्हणतात आणि पुढच्या महिन्यात जवळच्या दुकानातली पुडी आणतात. आम्ही स्टेटसला फोटो टाकतो, सणाला सगळ्यांना एकच मेसेज धाडतो. त्याला कोणी उत्तर देत नाही.

घरी भाचा बीजीएमआय (मोबाइलवरचा बंदुकीच्या लढाईचा गेम) खेळतो. 2021 मध्ये आलेला हा खेळ खेळायला फुकट आहे, तरी पोरं त्यात पैसे घालतात, आणि तेही बंदुकीच्या रंगावर आणि अंगावरच्या कपड्यांवर. रंग बदलला की गोळी जोरात लागते का, म्हणून विचारलं. नाही, मार तेवढाच, म्हणाला. फोर्टनाइट या अशाच दुसऱ्या गेमचंही 2017 पासून असंच आहे: खेळ फुकट, कमाई सजावटीवर. तेव्हापासून तो कुठे थांबतो, कशावर वेळ घालवतो, हे मी नीट पाहते आहे.

खेळ सुरू होण्याआधीच तो कितीतरी वेळ कपडे बदलत बसतो. जे जमतं त्याचा फोटो मित्रांना स्वतःहून पाठवतो. कंपनीची जाहिरात तोच करतो, कारण त्याच्या लेखी ती त्याची स्वतःची वस्तू आहे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की दुसऱ्या दिवशी गेम उघडला की त्याचा गडी त्याच पोशाखात उभा असतो. गेम त्याची आवड विसरत नाही. आम्ही मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला दर वेळी नव्यानं विचारतो, ‘तिखट किती पाहिजे?’

म्हणून आमच्या मनात आहे की काळ्या मसाल्याचा तिखटपणा, दळण जाडं की बारीक, आणि पुडीवरचं नाव (‘आईचा रस्सा’, ‘वाकडची पाटवडी’, जे सुचेल ते) गिऱ्हाइकानं ठरवावं. गेमची एक गोष्ट मात्र घ्यायची नाही, ती म्हणजे क्रेट, म्हणजे बंद पेटी. आत काय निघेल ते न सांगता पैसे घ्यायचे, हा जुगार झाला. बेल्जियमनं 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगारच ठरवलं. विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात ते नको.

आता अडलंय ते सांगते. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं झालं तर पुडीच्या लेबलचं काय करायचं? निवड घ्यायची कशावर, व्हॉट्सॲपवर की गूगल फॉर्मवर? आणि गटातल्या बाया दिवसभर शेतात असतात, संध्याकाळी पॅकिंग करतात. त्यांचा गोंधळ होऊ नये, हे मला सगळ्यात जास्त लागून आहे. कोणी केलं असेल तर सांगा जी.

प्रतिसाद (यवतमाळ)

ताई, लेबलपासून सुरू करा. पुडीवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. मिरची वाढवली आणि ती धन्याच्या वर गेली, की छापलेलं लेबल चुकीचं ठरतं. म्हणून तिखटपणा मोकळा सोडू नका. सौम्य, मध्यम, झणझणीत अशी तीन मिश्रणं कायमची ठरवा आणि तीन लेबलं छापून ठेवा. दळण, वजन आणि नाव गिऱ्हाइकावर सोडा. नावाचं स्टिकर समोर लावा, पण निव्वळ वजन, किंमत, तारीख आणि परवाना क्रमांक त्याखाली झाकू नका. तुमच्या भाच्यानं सांगितलेलं ‘मार तेवढाच’ इथेही लागू होतं. आतला माल पक्का असू द्या, वरची सजावट ज्याची त्याची.

प्रतिसाद (पुणे, मूळ गाव हिंगणघाट)

मी तुमचंच गिऱ्हाईक समजा. लांबलचक फॉर्म मी भरणार नाही. नॉर्टन, मोचॉन आणि अॅरीली या संशोधकांचा 2012 चा अभ्यास आहे. स्वतः जोडलेल्या वस्तूची किंमत माणसाला जास्त वाटते, पण काम पूर्ण झालं तरच. अर्धवट राहिलं की ते अप्रूप उरत नाही. तुमचा फॉर्म मध्येच सुटला तर तेच होईल. व्हॉट्सॲपवर तीन प्रश्न विचारा, बस.

उत्तर आलं की व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये (धंद्यासाठीचं व्हॉट्सॲप) त्या माणसाच्या चॅटला लेबल, म्हणजे खूण, लावा: ‘झणझणीत-जाडं’, ‘सौम्य-बारीक’. पुढच्या वेळी मला एवढंच लिहा, ‘दादा, मागच्यासारखंच झणझणीत, जाडं धाडू का?’ मी ‘हो’ म्हणून मोकळा. आणि सगळ्यांना जाणाऱ्या मेसेजबद्दल सांगतो. साध्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा धाडायची यादी) 256 जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. कदाचित तुमचा मेसेज अर्ध्या लोकांनी पाहिलाच नसेल. पहिल्या पुडीसोबत चिठ्ठी टाका, ‘नंबर सेव्ह करा’ म्हणून.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ब्रॉडकास्टचं खरंच माहीत नव्हतं. तीन मिश्रणं गटाच्या बैठकीत मांडते. बायांसाठी प्रत्येक मिश्रणाला एक रंग ठरवते: हिरवा, पिवळा, लाल. ऑर्डरच्या कागदावर तोच ठिपका आणि डब्यावरही तोच, म्हणजे वाचत बसायला नको.

एक राहिलंच. गिऱ्हाइकांनी रश्शाचे फोटो पाठवले तर ते आमच्या स्टेटसला टाकावे का? त्यावर त्यांचं नाव असतं. दर वेळी विचारून टाकते असं ठरवलंय, पण विचारायचं कसं म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होणार नाही? एखाद्यानं असा मेसेज लिहिला असेल तर इथे द्या.