शब्दचर्चा: चार पिना, तीन खण (आणि स्लॉटचं एनए)

हा धागा माझ्याच मूर्खपणातून निघालाय. ऑफिसने भंगारात काढलेला एक मिनी पीसी घरी आणला, टिफिनएवढा डबा, आत पंखासुद्धा नाही. उघडला तर बोर्डच्या कडेला चार पिनांचा एक पांढरा कनेक्टर रिकामा, शेजारी बारीक अक्षरात नुसतं सीएन ७ छापलेलं. यूएसबी असणार असं वाटलं, म्हटलं आतच एक पेनड्राइव्ह कायमचा बसवून टाकू, मागचे दोन पोर्ट मोकळे राहतील. वायर आणायला दुकानात गेलो, दुकानदाराने पहिला प्रश्न टाकला, "पिच किती?" म्हणजे शेजारशेजारच्या दोन पिनांमधलं अंतर. मी पट्टीने मोजून गेलो होतो, पहिल्या पिनेपासून चौथीपर्यंत पावणेचार मिलिमीटर. पिना चार म्हणून भागिले चार, म्हणजे एकच्या जरा खाली, म्हटलं एक मिलिमीटरचा द्या. घरी येऊन लावतो तर बसेच ना.

बाबा बाजूला पेपर वाचत होते. ते वाड्यात वाढलेले, वर न बघताच म्हणाले, "अरे खांब चार तर खण तीन, एवढं कळत नाही?" पावणेचार भागिले तीन, सव्वा. १.२५ मिलिमीटर.

तर प्रश्न असे, की पिचला मराठीत खण म्हणता येईल का, आणि हेडर (बोर्डवरची उभ्या पिनांची रांग), सॉकेट, कनेक्टर या सगळ्यांना वेगवेगळे शब्द आहेत की सगळ्यांना 'जोडणी' म्हणून मोकळं व्हायचं? भाषांतर यंत्राने पिन हेडरचं 'पिन शीर्षलेख' करून दिलंय, ते वाचून मी लॅपटॉप मिटला.

*

खण छान आहे पण एक अडचण आहे. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा, मधली मोकळी जागा. पिच मोजतात ती एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत. तुम्ही डाव्या पिनेच्या बाहेरच्या कडेपासून उजवीच्या बाहेरच्या कडेपर्यंत पट्टी धरलीत तर एका पिनेची जाडी जास्तीची येते, आणि एवढ्या बारीक कामात तेवढ्याने घात होतो. डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत मोजा. आणि कपाटाचा खण, ओटीचा खण, खणाचं परकर-पोलकं, आधीच इतके खण आहेत, त्यात हा एक.

*

मी रिपेअरिंगच्या लाइनीत आहे, कोणी चिडू नका पण आमच्यात 'जोडणी' वगैरे कोणी म्हणत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबापाशी जा, दोन्हीकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात शब्द तेच. उभ्या पिनांची पट्टी ती बर्ग, पट्टीतून लागतील तेवढ्या पिना मोडून घ्यायच्या. पांढरा लॉकवाला तो रिलायमेट. चपटी राखाडी पट्टी ती एफआरसी. जुन्या हार्डडिस्कला वीज देणारा चार पिनांचा तो मोलेक्स. आणि बारीक असेल तर काहीही असो, जेएसटी. यातलं बर्ग, मोलेक्स, जेएसटी ही कंपन्यांची नावं आहेत, डालडा झालं तसंच हे. घोटाळा तिथेच होतो, जेएसटीच्याच एक्सएच, पीएच, झेडएच, जीएच, एसएच अशा मालिका आहेत आणि पिच अनुक्रमे २.५, २, १.५, १.२५, १ मिलिमीटर. गिऱ्हाईक नुसतं "जेएसटी द्या" म्हणतं, मग आम्ही विचारतो कुठला, मग ते मोबाइलवरचा फोटो दाखवतं, फोटोत पिच कशी दिसणार? त्यात सव्वाचा म्हणून जो माल बाजारात फिरतो तो बऱ्याचदा मोलेक्सच्या पिकोब्लेडची नक्कल असतो, जीएच नाही, पिच तीच पण खटका वेगळा. बोर्डच घेऊन या, भांडण मिटतं.

*

रिपेअरिंगवाल्या दादांच्या यादीवरून सुचलं, या आकड्यांना आपल्याकडे तयार शब्द आहेत की. सव्वाचा, दीडचा, अडीचचा. बर्गची पिच २.५४, म्हणजे इंचाचा दहावा भाग, ती 'अडीच आणि वर कणभर'. हा कणभर हलक्यात घेऊ नका, अडीचचा कनेक्टर बर्गच्या चार पिनांवर दाबून बसतो, पण दहा पिनांना नऊ खण, प्रत्येकात ०.०४ चा फरक, शेवटच्या पिनेपाशी ०.३६ मिलिमीटर सरकलेला असतो. (मीही खण म्हणायला लागले!)

*

सॉकेटला 'खोबण' आहेच. डोळ्याची खोबण म्हणतो ना, त्यात बुब्बुळ बसतं तशी प्रोसेसरची खोबण. स्लॉट म्हणजे लांबट, त्याला 'खाच' म्हणावंसं वाटतं पण एम-डॉट-टूच्या कार्डाला (एसएसडी, वायफायची ती चपटी छोटी कार्डं) जी कापलेली खाच असते तिला मग काय म्हणणार? त्या खाचेच्या जागेवरूनच बी, ई, एम असे प्रकार ओळखतात, इंग्रजीत त्याला की म्हणतात म्हणून कोणी तरी 'चावी' लिहिलेलं पाहिलं, त्याने काहीच बोध होत नाही. कार्डाला खाच आणि स्लॉटमध्ये त्या खाचेत बसणारा दात, इतकं साधं आहे ते.

*

मेल-फिमेलचं काय? नर-मादी म्हणायला लोक लाजतात पण बिजागरीला आणि नटबोल्टला आपण तेच म्हणत आलोय. फक्त बोर्डवर फसगत होते, तो पांढरा कनेक्टर डबीसारखा दिसतो, वायरचं टोक त्याच्या आत जातं, म्हणून सगळे त्याला मादी समजतात. डबीत वाकून बघा, आत पिना उभ्या आहेत, म्हणजे नर. लिंग पिनेवरून ठरतं, कपड्यावरून नाही.

*

मूळ धागाकर्त्याला: शब्द होतील हो, आधी तो कनेक्टर यूएसबीच आहे हे बघितलंत का? चार पिना दिसल्या की यूएसबी असं नसतं. मशीन बंद, वायर काढलेली, मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो), एक टोक बोर्डच्या स्क्रूच्या भोकाच्या कडेला, दुसऱ्याने एकेक पिन. एकाच पिनेवर वाजलं तर तो ग्राउंड. दोन पिनांवर वाजलं तर बहुतेक हार्डडिस्कला वीज द्यायचा कनेक्टर आहे, एकावर ५ आणि एकावर १२ व्होल्ट असतील, त्यात पेनड्राइव्ह लावलात तर धूर. मग मशीन चालू करून व्होल्टेज बघा, जपून, टोक घसरून दोन पिना एकमेकींना लागता कामा नयेत. एका टोकाला ग्राउंड, दुसऱ्या टोकाला ५, मधल्या दोन गप्प, तर यूएसबी असण्याची शक्यता चांगली. १२ दिसले तर पंख्याचा असेल. मधल्या एखादीवर ३.३ स्थिर दिसत असेल तर ती सीरियल पोर्टची टीएक्स, म्हणजे डेटा पाठवणारी पिन असू शकते. वायरींचे रंग लाल, पांढरा, हिरवा, काळा, म्हणजे ५ व्होल्ट, डी मायनस, डी प्लस (या दोन डेटाच्या), ग्राउंड. पांढरा-हिरवा उलटा झाला तर पेनड्राइव्ह फक्त दिसणार नाही, लाल-काळा उलटा झाला तर तो परत कधीच दिसणार नाही.

*

मला वेगळाच शब्द हवाय. माझ्याकडच्या डब्यात एसएसडीला जागाच नव्हती, मी वायफायचं कार्ड काढलं आणि त्या ई प्रकारच्या स्लॉटमध्ये अडॅप्टर घालून एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीचा एसएसडी, बसवला. डेटा जायला एकच लेन मिळते, वेग कमी पडतो, माझं भागतं. याला 'पुनर्वापर' म्हणवत नाही, पुनर्वापर म्हणजे तीच बाटली धुऊन परत पाणी भरणं. इथे जागा एका कामासाठी होती ती दुसऱ्याला दिली.

*

त्याला एनए म्हणतात! शेतजमीन बिगरशेती करून घेतात तसं. "स्लॉटचं एनए करून घेतलं."

*

😂 आणि कलेक्टरच्या जागी बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर. काही मशिनांचं बायॉस ठरावीक कार्डांशिवाय दुसरं काही स्लॉटमध्ये चालूच देत नाही. शिवाय इंटेलच्या काही बोर्डांवर वायफायच्या स्लॉटला पीसीआयई (एनव्हीएमईला लागणारी डेटाची वाट) जोडलेलंच नसतं, नुसतं सीएनव्हीआय असतं, म्हणजे अर्धं वायफाय चिपसेटमध्ये आणि अर्धं कार्डावर. तिथे एसएसडी लावून काही उपयोग नाही. सातबारा आधी बघावा. तसेच जुने स्लॉट, मिनी पीसीआयई (वायफायसारख्या कार्डांचा) आणि एमसाटा (एसएसडीचा), दोन्ही ५२ पिनांचे, दिसायला जुळे, उतारा मात्र वेगळा.

*

एनए फिक्स, मी आजपासून हेच वापरणार.

तपासलं, एका पिनेवर बीप, पलीकडच्या टोकाला ५.०४ व्होल्ट, मधल्या दोन गप्प. आज परत दुकानात गेलो आणि मुद्दाम म्हणालो, "सव्वाचा द्या, चार पिना." त्याने चष्म्यावरून बघितलं, म्हणाला, "वन ट्वेंटी फाइव्ह ना?" आणि मागची डबी काढली. खण त्याला सांगितला नाही. पेनड्राइव्ह पहिल्यांदा दिसला नाही, पांढरा-हिरवा उलटा होता, टाचणीने खटका उचलून दोन्ही वायरी अदलाबदल केल्या आणि दिसला. तर त्या खटक्याला काय म्हणायचं, कडी?